ब्रॉडबँड प्रोव्हिजनिंग लॅब

ब्रॉडबँड प्रोव्हिजनिंग लॅब म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या प्रोव्हिजनिंग प्रणालीची, चालू नेटवर्कपासून पूर्ण तोडून उभी केलेली छोटी प्रतिकृती. ग्राहकाचा मोडेम किंवा ओएनटी (फायबर जोडणीचे घरातले उपकरण) चालू झाला की तो कोणाचा आहे हे ओळखायचे, त्याला आयपी पत्ता द्यायचा, घेतलेल्या प्लॅनप्रमाणे वेग बांधून द्यायचा, बिल थकले असेल तर सेवा रोखायची, ही सगळी कामे प्रोव्हिजनिंग प्रणाली माणसाचा हात न लागता करते. हात लागत नसल्यामुळेच तिच्यातली चूकही कोणी न बघता हजारो घरांत पोचते. नवी आवृत्ती, नवा प्लॅन, मोडेमचे नवे मॉडेल किंवा नुसता डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या प्रोटोकॉलचा एखादा पर्याय बदलायचा असला तरी तो आधी लॅबमध्ये चालवून बघण्याची पद्धत त्यातून रुजली.

लॅब उभी झाली याची खूण म्हणून बहुतेक ठिकाणी मोडेमवरचा हिरवा दिवा दाखवला जातो. तो फार लवकर मिळणारा दिलासा आहे. लॅबचा खरा उपयोग सगळे नीट चालते हे बघण्यात कमी आणि कुठली कडी तुटली की नेमके काय दिसते हे शिकण्यात जास्त आहे.

टप्प्यांची साखळी

हे समजून घ्यायला केबल मोडेम सर्वांत सोयीचा, कारण त्याचा प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो. केबललॅब्स या संस्थेने डॉक्सिस १.० हे केबलवरून इंटरनेट देण्याचे प्रमाण मार्च १९९७ मध्ये काढले. डीएचसीपीची आजही आधार मानली जाणारी व्याख्या, आरएफसी २१३१ हा इंटरनेटच्या प्रमाणांच्या मालिकेतला दस्तऐवज, त्याच महिन्यातली. मोडेम सुरू झाला की आधी डाउनस्ट्रीम (कंपनीकडून घराकडे येणारी) वाहिनी शोधतो, मग सीएमटीएसशी (केबलच्या कंपनीकडच्या टोकाचे उपकरण) रेंजिंग करून आपली पाठवण्याची ताकद आणि वेळ जुळवून घेतो. त्यानंतर तो डीएचसीपीची हाक देतो. सीएमटीएस ही हाक प्रोव्हिजनिंग सर्व्हरकडे पुढे पाठवतो. पाठवताना गिॲडर या रकान्यात स्वतःचा पत्ता भरतो आणि पर्याय ८२, म्हणजे हाक कुठून आली याची माहिती, जोडतो. उत्तरात मोडेमला आयपी पत्त्याबरोबर वेळेच्या सर्व्हरचा पत्ता, टीएफटीपी (फाइली पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल) सर्व्हरचा पत्ता आणि कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलचे नाव मिळते. पोर्ट ३७ वरून वेळ घ्यायची, पोर्ट ६९ वरून फाइल मागायची, त्या फाइलमधली माहिती सीएमटीएसला दाखवून नोंदणी करायची, आणि मोडेम ऑनलाइन. डॉक्सिस १.१ पासून वेळ मिळाली नाही म्हणून नोंदणी अडत नाही. बाकीच्या कड्यांना अशी सूट नाही.

फायबरवर नावे बदलतात, काम तेच राहते. जीपॉन या फायबरच्या प्रमाणात ओएनटीची ओळख त्याच्या अनुक्रमांकावरून पटते. त्यात कंपनीची चार अक्षरे आणि पुढे आठ षोडशमान अंक असतात. ओएलटी, म्हणजे फायबरच्या कंपनीकडच्या टोकाचे उपकरण, त्याला ओएमसीआय या नियंत्रणाच्या वाहिनीवरून सेटिंग पाठवते. पुढे लॉगिन करून जोडणी उघडणारा पीपीपीओई आणि ते लॉगिन तपासणारा रेडियस, किंवा सरळ डीएचसीपी, आणि घरातला राउटर दुरून सांभाळण्यासाठी टीआर-०६९. या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती २००४ ची असून राउटरकडे येणाऱ्या जोडणीच्या विनंतीसाठी पोर्ट ७५४७ राखलेला आहे.

तारा आणि ताकद

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी तारांचे गणित सोडवावे लागते, आणि नवखा माणूस इथेच हमखास फसतो. सीएमटीएसचा एका वाहिनीचा डाउनस्ट्रीम सिग्नल साधारण ५० ते ६१ डीबीएमव्ही (केबलवरच्या सिग्नलच्या ताकदीचे माप) इतक्या ताकदीचा असतो. मोडेमला तो उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्ही या टापूत लागतो. बाहेर ही तफावत मैलोन्‌मैल केबल आणि स्प्लिटर खातात. टेबलावर मीटरभर केबल असते. त्यामुळे ॲटेन्युएटर लावून सिग्नल मुद्दाम पाडावा लागतो. परतीच्या वाटेवरही ४० डीबीच्या आसपास घट टाकली म्हणजे मोडेमला आपल्या नेहमीच्या ताकदीने बोलता येते. रिकाम्या राहिलेल्या तोंडांवर सिग्नल परत उसळू न देणारे ७५ ओमचे टर्मिनेटर हवेतच.

जीपॉनचा किस्सा वेगळा नाही. बी प्लस वर्गाच्या ऑप्टिक्सला वाटेत १३ ते २८ डीबी घट अपेक्षित असते. ओएलटी आणि ओएनटी छोट्या पॅचकॉर्डने थेट जोडले तर रिसीव्हरवर नको इतका प्रकाश पडतो, आणि मग दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधत दिवस जातो.

इन्स्टॉलेशन

लॅबमध्ये सगळे घटक एकाच यंत्रावर बसवण्याचा मोह असतो आणि उत्पादनेही त्याला हातभार लावतात. सिस्कोच्या ब्रॉडबँड ॲक्सेस सेंटर या प्रोव्हिजनिंग सॉफ्टवेअरमध्ये मध्यवर्ती आरडीयू, मोडेमला फाइल पुरवणारे डीपीई आणि डीएचसीपीसाठी नेटवर्क रजिस्ट्रार असे वेगवेगळे भाग होते. लॅबसाठी ते सारे एकाच सर्व्हरवर टाकण्याची सोय इन्स्टॉलरमध्येच दिलेली होती. मुक्त सॉफ्टवेअरमधून जुळवाजुळव करायची तर डीएचसीपीला ‘की’ (Kea) हा सर्व्हर, रेडियसला फ्रीरेडियस, टीआर-०६९ ला जिनीएसीएस आणि एखादा साधा टीएफटीपी सर्व्हर पुरतो. आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी सर्व्हर अजून पुष्कळ ठिकाणी सापडतो, पण त्याची देखभाल संस्थेने २०२२ च्या अखेरीस थांबवली. आज नव्याने उभारणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एका यंत्रावरची मांडणी शिकायला ठीक आहे. मात्र तिथे घटकांमधले संवाद यंत्राच्या आतच होतात, त्यामुळे फायरवॉल, राउटिंग आणि नावांचे निराकरण यांची परीक्षा होतच नाही. प्रत्यक्षात बिघाड याच तीन ठिकाणी सर्वाधिक होतात. निदान डीएचसीपी-टीएफटीपी एका आभासी (सॉफ्टवेअरने बनवलेल्या) यंत्रावर आणि डेटाबेस दुसऱ्यावर, एवढी फारकत तरी असावी.

इन्स्टॉलर चालवण्यापूर्वी यंत्राचे नाव पत्त्यावरून आणि पत्ता नावावरून, दोन्ही बाजूंनी उलगडतो का ते बघतात. घड्याळे एनटीपीने जुळवतात. डीएचसीपी सर्व्हरचे पोर्ट ६७ मोकळे आहे याची खात्री करतात. हे शेवटचे काम किरकोळ वाटते, पण आभासी यंत्रे चालवणारे लिबव्हर्ट स्वतःच डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी सर्व्हर सुरू करून ते पोर्ट अडवून बसलेले असू शकते. मध्यवर्ती भाग आधी बसतो, बाकीचे त्याला नंतर जोडले जातात, आणि जोडताना दोन्हीकडे तोच गुप्त शब्द द्यावा लागतो.

आभासी यंत्राचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घेऊन ठेवणे ही चांगली सवय आहे, पण तिला एक काटा आहे. जुन्या स्नॅपशॉटवर परतले की लीजचा, म्हणजे मुदतीवर दिलेल्या पत्त्यांचा, डेटाबेसही जुना होतो. मधल्या काळात वाटलेले पत्ते सर्व्हर विसरतो, मोडेम मात्र विसरत नाहीत. मग एकच पत्ता दोघांना मिळतो. मागे आल्यावर लॅबमधली सगळी उपकरणे एकदा बंद करून चालू करणे हा सोपा उपाय.

कॉन्फिगरेशन

मोडेम आणि त्याच्या मागचा संगणक यांना वेगवेगळ्या गटांतून पत्ते दिले जातात. उदाहरणार्थ, मोडेमला १०.२०.०.०/१६ मधून आणि संगणकाला १९८.५१.१००.०/२४ मधून. दुसरा गट केवळ उदाहरणांसाठी राखलेला आहे, म्हणून लॅबमध्ये तो वापरणे निर्धोक. कोण मोडेम आणि कोण संगणक हे पर्याय ६० वरून कळते. मोडेम त्यात ‘डॉक्सिस३.०:’ अशा धाटणीचा मजकूर पाठवतो. कुठला संगणक कुठल्या मोडेममागे आहे हे पर्याय ८२ मधल्या रिमोट आयडीवरून कळते. तिथे सीएमटीएस मोडेमचा मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाची हार्डवेअरवरची ओळख, भरतो. दोन्ही गट एकाच तारेवर आहेत हे सर्व्हरला स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तो गिॲडरच्या गटापलीकडे बघतच नाही.

आता एक हमखास अडणारी जागा. सर्व्हरवर मोडेमची हाक पोचलेली दिसते, सर्व्हरने ऑफर (पत्ता देऊ करणारे उत्तर) पाठवल्याची नोंदही लॉगमध्ये दिसते, तरी मोडेम पुन्हा पुन्हा हाकच देत राहतो. ऑफर मोडेमकडे थेट जात नाही. ती गिॲडरमधल्या पत्त्यावर, म्हणजे सीएमटीएसच्या केबलकडच्या इंटरफेसवर जाते. सर्व्हरला त्या पत्त्याचा मार्ग माहीत नसेल तर ऑफर डिफॉल्ट गेटवेच्या हवाली होते आणि हरवते. एक स्थिर मार्ग टाकला की गाडी पुढे सरकते.

लीजच्या नूतनीकरणाची भानगड याहून छुपी आहे. लीज निम्मी सरली की उपकरण मुदतवाढ मागते, आणि ही मागणी रिलेला, म्हणजे मधे हाक पुढे पाठवणाऱ्या सीएमटीएसला, वळसा घालून थेट सर्व्हरकडे जाते. तिच्यात पर्याय ८२ नसतो. वर्गवारी केवळ त्या पर्यायावर बेतलेली असेल तर पहिल्यांदा नीट ओळखलेला संगणक नूतनीकरणाच्या वेळी अनोळखी ठरतो. काही सर्व्हर पहिली माहिती लीजसोबत जपून ठेवतात, पण ती सोय चालू आहे का हे बघावे लागते. लॅबमध्ये लीज दहा मिनिटांची ठेवण्याचे कारण हेच. पाचव्या मिनिटाला नूतनीकरण होते, ते अडले तर पावणेनऊ मिनिटांनी सर्वांना उद्देशून पुन्हा विनंती जाते, आणि चहा संपण्याआधी दोष हाती लागतो. दिवसभराच्या लीजवर तोच दोष रात्री उगवतो.

टीएफटीपीचेही असेच. विनंती पोर्ट ६९ वर येते, पण सर्व्हर उत्तर देतो ते नव्याच पोर्टवरून. फायरवॉलमध्ये फक्त ६९ उघडून निश्चिंत बसणाऱ्याला फाइल मिळत नाही.

कॉन्फिग फाइल

मोडेमची फाइल वाचनीय मजकुराची नसते. ती प्रकार, लांबी आणि मूल्य अशा तुकड्यांची बायनरी माळ असते. प्रकार ३ म्हणजे नेटवर्क वापराची परवानगी, १८ म्हणजे मोडेममागे किती उपकरणे चालतील, २४ अपस्ट्रीम सेवाप्रवाह आणि २५ डाउनस्ट्रीम. प्रवाहाच्या पोटातला उपप्रकार ८ कमाल वेग सांगतो, तोही बिट प्रति सेकंदात. दहा मेगाबिट म्हणजे एक कोटी बिट. फाइलमध्ये ते षोडशमानात ०८ ०४ ०० ९८ ९६ ८० असे उमटते: उपप्रकार आठ, लांबी चार, आणि पुढचे चार बाइट म्हणजे ती कोटीची संख्या. इथे १०२४ ने दोनदा गुणून १,०४,८५,७६० लिहिणारे भेटतात. ग्राहक तक्रार करत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

फाइलच्या शेवटाकडे दोन पडताळणी तुकडे असतात. प्रकार ६ ही फाइल जशीच्या तशी पोचल्याची खूण असते आणि ती मोडेम तपासतो. प्रकार ७ गुप्त शब्द वापरून काढलेला असतो आणि तो सीएमटीएस तपासतो. फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरकडचा गुप्त शब्द सीएमटीएसशी जुळला नाही तर सिस्कोच्या सीएमटीएसवर मोडेम ‘रिजेक्ट (एम)’ दाखवतो. सेवावर्गात गडबड असेल तर ‘रिजेक्ट (सी)’. आधीच्या टप्प्यांनाही अशा खुणा आहेत. ‘इनिट (डी)’ म्हणजे डीएचसीपीची हाक पोचली पण पुढे सरकली नाही, ‘इनिट (ओ)’ म्हणजे फाइल मागण्यावर गाडी अडली. या खुणा नीट वाचणाऱ्याचा अर्धा तपास जागेवरच होतो.

मुद्दाम केलेले बिघाड

लॅब एकदा चालली की ती पद्धतशीर मोडायची असते. टीएफटीपी सेवा बंद करायची, फाइल काढून टाकायची, गुप्त शब्दात एक अक्षर बदलायचे, पत्त्यांचा गट तीनच पत्त्यांचा ठेवून चौथा मोडेम लावायचा. प्रत्येक वेळी सीएमटीएसवरची खूण, सर्व्हरचा लॉग आणि वायरशार्क या साधनाने नेटवर्कवरून पकडलेली पाकिटे शेजारी शेजारी ठेवून नोंद करायची. अशी नोंदवही पुढे रात्रपाळीतल्या माणसाला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नोंद नसलेला मोडेम लावल्यावर काय होते हेही इथेच ठरते. काही कंपन्या त्याला पत्ताच देत नाहीत. काही त्याला कमी वेगाची फाइल देऊन फक्त नोंदणीच्या पानापर्यंत जाऊ देतात. दुसरी रीत ग्राहकाला सोयीची, पण तिच्यातली डीएनएसची (नावावरून पत्ता शोधण्याची) बांधणी ढिली राहिली तर तो मोडेम फुकटचे इंटरनेट देऊ लागतो. मूळ प्रणालीतला ग्राहकांचा डेटाबेस उचलून लॅबमध्ये ओतणे मात्र टाळायचेच. लॅबचे पासवर्ड सर्वांना ठाऊक असतात.

लॅबची वेगळी भिंत दोन्ही बाजूंनी लागते. लॅबचा डीएचसीपी सर्व्हर चुकून चालू नेटवर्कवर उत्तरे देऊ लागला तर खऱ्या ग्राहकांना लॅबचे पत्ते मिळतात. म्हणून सर्व्हर ठरावीक इंटरफेसवरच ऐकेल असे बांधतात आणि लॅबचा स्विच शक्यतो भौतिकदृष्ट्याच अलग ठेवतात.

चार-पाच मोडेमच्या लॅबमध्ये गर्दी मात्र कळत नाही. एखाद्या भागाची वीज जाऊन आली की तिथले सगळे मोडेम एकाच वेळी जागे होतात. उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारण्याआधी उपकरणाने सुमारे ४, ८, १६, ३२ असे वाढत्या सेकंदांचे अंतर ठेवावे, ही आरएफसी २१३१ ची शिफारस यासाठीच आहे. ‘की’बरोबर येणाऱ्या पर्फडीएचसीपी या चाचणीच्या प्रोग्रॅमने अशा लाटेची नक्कल करता येते. पण तो फक्त डीएचसीपीला ताण देतो. प्रत्येक मोडेमसाठी फाइल त्या त्या वेळी तयार करणारी प्रणाली असेल तर खरा भार टीएफटीपी आणि त्यामागच्या डेटाबेसवर येतो. त्यासाठी हजारो खोट्या मॅक पत्त्यांच्या नावाने फाइली मागणारी वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागते.