वर्षाच्या मध्यात नोकरी बदलताय? जुन्या पगाराचा हिशेब नव्या ऑफिसात आधी द्या

सप्टेंबरअखेर एक नोकरी सोडली, ऑक्टोबरात दुसरी धरली. पहिल्या ठिकाणी पगार महिना ९०,००० रुपये, दुसऱ्या ठिकाणी १,५०,०००. दोन्हीकडच्या सॅलरी स्लिपवर इन्कम टॅक्सच्या रकान्यात शून्य, त्यामुळे माणूस निर्धास्त. मग जुलैत रिटर्न भरायला बसावे, तर आयकर पोर्टल ८८,१४० रुपये भरा म्हणते, वर व्याज वेगळे. अशा वेळी दोन्ही कंपन्यांना रागाने फोन केले जातात. पण आपापल्या कागदांपुरता दोघींचाही हिशेब बरोबर असतो. तिथेच खरी गोम आहे.

पगारातून टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा कर) कापताना कंपनी वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधते, त्यावरचा कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत विभागून कापते. पहिल्या कंपनीने ९०,००० गुणिले १२ म्हणजे १०.८० लाख धरले. नव्या करप्रणालीतले ७५,००० रुपयांचे स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराची सरसकट वजावट) वजा केल्यावर उत्पन्न १२ लाखांच्या आत बसले. सूट मिळून कर शून्य, म्हणून कपात नाही. दुसऱ्या कंपनीला तुमचे फक्त सहा महिने दिसतात. नऊ लाखांतून ७५,००० गेले, पुन्हा शून्य. पण कर नोकरीवर नसतो, वर्षावर असतो. स्लॅब (कराच्या दरांचे टप्पे) एकदाच, स्टँडर्ड डिडक्शन एकदाच, सूटही एकदाच. एकूण पगार ५.४० अधिक ९ म्हणजे १४.४० लाख, त्यातून ७५,००० वजा जाता १३.६५ लाख. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या १.६५ लाखांवर १५ टक्क्यांनी २४,७५०. झाले ८४,७५०. त्यावर ४ टक्के सेस ३,३९०, म्हणजे एकूण तेच ८८,१४०.

(हे आकडे आणि पुढचे फॉर्म क्रमांक आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे, म्हणून त्यानंतरच्या पगारासाठी क्रमांक नव्या कायद्यातले पाहा. एका वर्षातल्या दोन पगारांची बेरीज मात्र तेव्हाही करावीच लागते.)

फॉर्म १२बी: कुणी मागत नाही, म्हणून राहून जातो

यावर उपाय एकच, फॉर्म १२बी. आधीच्या कंपनीचे नाव, पत्ता, टॅन (कर कापणाऱ्या कंपनीचा क्रमांक), नोकरीचा कालावधी, त्या काळातला पगार, कापलेला पीएफ आणि टीडीएस एवढे त्यात लिहायचे. तो आयकर खात्याकडे जात नाही, पोर्टलवरही चढवायचा नसतो. नव्या कंपनीच्या पेरोलकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाकडे, द्यायचा. ही माहिती दिली की दोन्ही पगार धरून कर कापणे त्या कंपनीवर बंधनकारक होते. दिली नाही तर तिच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. रुजू होताना सह्या घेतात त्या वीस-पंचवीस कागदांत पुष्कळदा हा नसतो. म्हणून आपणच मागून घ्या.

१२बीबी हा वेगळा फॉर्म. घरभाडे, गृहकर्जाचे व्याज, ८०सी वगैरे वजावटींसाठी तो असतो. नावात एका अक्षराचा फरक असल्याने १२बीबी भरून "आम्ही दिलाय की फॉर्म" म्हणणारे खूप भेटतात.

अडचण पुढे येते. पेरोलवाले म्हणतात, "आधीच्या कंपनीचा फॉर्म १६ आणा." फॉर्म १६ म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचे कंपनीने दिलेले प्रमाणपत्र. नोव्हेंबरात तो आणायचा कुठून? तो वर्ष संपल्यावर, १५ जूनपर्यंत मिळतो. तोवर या कंपनीचे मार्चचे पगारही होऊन गेलेले असतात. ही मागणीच चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसे सहा-सहा महिने थांबून राहतात. १२बी वर सही तुमची असते, जुन्या कंपनीचा शिक्का लागत नाही. आकडे घ्यायचे ते शेवटच्या सॅलरी स्लिपवरच्या एप्रिलपासूनच्या बेरजेतून आणि फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाच्या) पत्रकातून. जुन्या कंपनीचे पेरोल पोर्टल बंद व्हायच्या आत, म्हणजे शेवटच्या कामाच्या दिवसाआधीच, सगळ्या स्लिपा आणि टॅक्स कॉम्प्युटेशन शीट उतरवून घ्या. नंतर लॉगिन चालत नाही आणि एचआर ईमेलला उत्तर देत नाही.

फॉर्म २६एएसवर, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकावर, विसंबू नका. कंपन्या टीडीएसचे विवरण तिमाहीला भरतात: एप्रिल ते जूनचे ३१ जुलैपर्यंत, जुलै ते सप्टेंबरचे ३१ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे सप्टेंबरात कापलेले पैसे नोव्हेंबर उजाडेपर्यंत २६एएसमध्ये न दिसणे साहजिक आहे. तेवढ्यावरून कंपनीने पैसे बुडवले असे समजू नका.

आकडे लिहिताना दोन चुका हमखास होतात. एक, बँकेत जमा झालेली रक्कम पगार म्हणून लिहिली जाते. तसे नको, कपातीच्या आधीचा एकूण पगार लिहायचा. दुसरी, जुन्या कंपनीच्या शीटवरचा "करपात्र उत्पन्न" हा आकडा उचलला जातो. त्यातून ७५,००० आधीच गेलेले असतात, नवी कंपनी ते पुन्हा वजा करते आणि पुन्हा जुलैत फटका बसतो.

आणि उशीर करू नका. वरच्याच उदाहरणात १२बी ऑक्टोबरात दिला तर सहा पगारांतून दरमहा १४,६९० रुपये कापले जातील. जानेवारीत दिला तर तीन पगारांतून २९,३८०. फेब्रुवारीत दिला तर ४४,०७०, आणि घराचा हप्ता चालू असेल तर ते दोन महिने फार जड जातात. जॉइनिंग बोनस असेल तर तोही करपात्र, तो या बेरजेत वर चढतो. नोटीस पिरियडचे पैसे नव्या कंपनीने भरून दिले असतील तर तेही.

पहिलीच नोकरी असेल तर चूक उलट्या बाजूने होते. जानेवारीत महिना १,५०,००० वर रुजू झालेल्या मुलीचा या वर्षातला पगार तीनच महिन्यांचा, ४.५० लाख. त्यावर कर नाही. पण पेरोलने बारा महिन्यांचे १८ लाख धरले तर पहिल्याच पगारात कात्री लागते. "या आर्थिक वर्षात यापूर्वी पगाराचे उत्पन्न नाही" असे लेखी द्या आणि कॉम्प्युटेशन शीट मागून महिने मोजा. सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा करासाठी धरायचा नसतो, हेही तिथेच कळेल. त्यातला कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद पगार म्हणून करपात्र धरत नाहीत.

पॅन चालू आहे ना?

आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय धरले जाते आणि निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखेच. करपात्र पगार असेल तर कंपनीला किमान २० टक्के कापावे लागतात. जोडणी अडते ती नावावर. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. किंवा पॅनवर वडिलांचे नाव मधे पूर्ण आणि आधारवर नुसते आद्याक्षर. जन्मतारखेतही फरक निघतो. रुजू व्हायच्या आधीच आयकर पोर्टलवर जोडणीची स्थिती तपासा. दुरुस्तीला दिवस लागतात, पगाराची तारीख थांबत नाही.

जुनी की नवी करप्रणाली

तुम्ही काही सांगितले नाही तर कंपनी नवीच धरते. जुनी (घरभाडे, ८०सी अशा वजावटी देणारी) हवी तर नव्या कंपनीला पुन्हा सांगावे लागते, आधीच्या कंपनीत दिलेला पर्याय सोबत येत नाही. पण कंपनीला सांगितलेला पर्याय शेवटचा नसतो. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना तो बदलता येतो, मात्र रिटर्न मुदतीत भरले तरच. ती मुदत चुकली की जुनी प्रणाली त्या वर्षापुरती गेली, मग गृहकर्जाचे आणि विम्याचे कितीही कागद हातात असोत.

इथे तारखांचाही घोळ होतो. कंपनी जानेवारी-फेब्रुवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागते ती तारीख कंपनीच्या सोयीची आहे, कायद्याची नव्हे. ती हुकली तर टीडीएस जास्त कापला जाईल इतकेच. ३१ मार्चपर्यंत केलेली गुंतवणूक रिटर्नमध्ये दाखवून परतावा मिळतो. घरभाड्याची सूट घ्यायची तर दोन्ही नोकऱ्यांच्या काळातल्या पावत्या ठेवा, आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. मालक तो देत नाहीत ही सार्वत्रिक तक्रार आहे. करार करतानाच मागितला तर मिळतो.

पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षे सेवा भरायच्या आत काढला तर ती रक्कम करपात्र होते. वळवला तर आधीची वर्षे सेवेत मोजली जातात.

१२बी राहिलाच असेल तर

मार्च उलटायच्या आत लक्षात आले तर स्वतः आगाऊ कर भरा. टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा जास्त कर उरत असेल तर तो हप्त्याने भरणे अपेक्षितच असते. शेवटचा हप्ता १५ मार्चचा, पण ३१ मार्चपर्यंत भरलेले पैसेही आगाऊ कर म्हणूनच धरले जातात. हप्ते चुकल्याचे थोडे व्याज लागते, पण एप्रिलपासून दरमहा १ टक्क्याने चढणारे व्याज वाचते. ८८,१४० वर ते जुलैपर्यंत साडेतीन हजार होते.

आयकर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समध्ये २०२५-२६ च्या पगारासाठी आकारणी वर्ष (पगाराच्या पुढचे वर्ष) २०२६-२७ निवडा. यादीत २०२५-२६ दिसले की बोट तिकडेच जाते, पैसे मागच्या वर्षाला जमा होतात आणि या वर्षाची थकबाकी तशीच राहते. ३१ मार्चपर्यंत आगाऊ कराचा कोड १००, त्यानंतर स्वयंनिर्धारण कराचा (वर्ष संपल्यावर स्वतः हिशेब करून भरायच्या कराचा) ३००. वर्ष चुकलेच तर चलन भरल्यापासून सात दिवसांत पोर्टलवरच दुरुस्त करता येते. त्यानंतर आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, म्हणून पावती हातात आली की आधी वर्षाचा रकाना वाचा.