रात्रशाळेचं घड्याळ

1855 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्या पहिल्या शाळेबद्दल आपण दरवर्षी बोलतो. रात्रीच्या शाळेचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जातो, आणि ते मला फार खटकतं. दिवसभर राबून आलेल्या मोठ्या माणसाला ‘बस, पाटी घे’ म्हणणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यातलं कुणबी जोडपं भविष्य सांगणाऱ्या जोशीबुवांच्या बोलण्याला भुलून नागवलं जातं, आणि शेवटी नवराबायको फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं ठरवतात. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं. पण शेवट पाहा: ज्या शाळेच्या वाटेवर नाटक संपतं, ती शाळा त्याच गावात खरोखर भरत होती.

आज वाचनालयाच्या सभागृहात, सोसायटीच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात संध्याकाळचे वर्ग भरतात. कुठे मोडी लिपी शिकवतात, कुठे चित्रकला, कुठे मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे ते. या वर्गांचं मूळ शोधताना ‘काय शिकवत होते’ हे आधी पाहायचा मोह होतो. माझ्या मते आधी ‘किती वाजता’ हे पाहावं. मोठ्या माणसाच्या दिवसातला कोणता तास त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता, यावरच तो शिकणार की नाही हे ठरत आलं.

काहींची संध्याकाळ मोकळीच होती. 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती मोठी परंपरा आहे, गावोगावच्या व्याख्यानमाला तिच्याकडे बघून उभ्या राहिल्या. पण तिचा श्रोता वाचता येणारा होता, आणि दिवेलागणीनंतर तासभर बसायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

मुंबईच्या कापड गिरणीतल्या माणसाचं तसं नव्हतं. जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतून आलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून गिरणी कामगारांच्या मागण्या लावून धरल्या. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडला. म्हणजे हक्काचा एक दिवस मिळवायलाच सहा वर्षं गेली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. 1905 च्या सुमारास त्या उजेडात कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. ज्या दिव्याखाली पुस्तक उघडता आलं असतं, त्याच दिव्याने संध्याकाळ गिळली. गिरणीतल्या प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा आली ती 1911 च्या कायद्याने.

त्याच 1911 साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. हा नुसता योगायोग असेलही, पण मला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा चालवल्या, मोफत वाचनालयं उघडली, फिरती ग्रंथालयं काढली. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, आणि तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना जोशी ठाऊक असतात ते कामगार पुढारी म्हणून. त्यांनी 1920 मध्ये आयटक हा कामगार संघटनांचा देशव्यापी महासंघ उभारायला हातभार लावला, 1926 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली, हे खरंच. पण संघटनेच्या आधी शाळा आणि वाचनालय आलं, हा क्रम विसरू नये. इकडे कायदाही सरकत होता: 1922 मध्ये दिवसाचे अकरा तास, 1934 मध्ये दहा, 1946 मध्ये नऊ. तास कमी झाले की वर्गात बसणाऱ्याचे डोळे थोडे अधिक उघडे राहत असणार. मात्र पाळ्यांचं काम सुरू झाल्यावर नवीच अडचण आली. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्यात रातपाळी, तर धडा पुरा कसा व्हायचा?

सगळ्यांनी रात्रच निवडली असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. नोकरी करणाऱ्याने आधी तास करावेत आणि मग कामावर जावं. थकलेल्या डोक्यापेक्षा ताजं डोकं बरं, हा त्यातला विचार फार मोलाचा होता.

सरकारने हे काम अंगावर घेतलं ते मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात. 1939 मध्ये मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांनी ‘समाजशिक्षण’ ही कल्पना पुढे आणली: अक्षरओळख हवीच, पण आरोग्य, नागरिकत्व, करमणूक हेही शिक्षणात यावं. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक स्वतःचा वेळ देऊन शिकवायला बसले. गाव साक्षर झालं की सोहळा व्हायचा. मोहिमेचं दुखणं नंतर दिसलं. शिकलेलं वाचायला गावात काही नसेल, तर दोन-चार वर्षांत अक्षरं पुसट होतात. फळा आला, पण कपाटभर पुस्तकं मागून आली नाहीत.

ही चूक ओळखून केलेला प्रयोग म्हणून मला वरळीचं श्रमिक विद्यापीठ महत्त्वाचं वाटतं. मार्च 1967 मध्ये ते सुरू झालं, मुंबई शहर समाजशिक्षण समितीच्या पुढाकाराने. देशातलं ते पहिलं. कल्पना युनेस्कोने पुरस्कारलेल्या बहुउद्देशी केंद्राची होती: कामगाराला त्याच्या धंद्यातलं कौशल्य द्यायचं आणि त्यासोबत गणित, भाषा, आरोग्य, भोवतालच्या समाजाची समज असं जे लागेल तेही द्यायचं. अभ्यासक्रम आधी छापून मग माणसं गोळा करायची नाहीत. माणसं बघून अभ्यासक्रम बेतायचा, वेळही त्यांच्या सोयीने. पुढे अशी केंद्रं देशभर निघाली. 2000 मध्ये त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि 2018 मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. शिवणकाम शिकून चार पैसे मिळतात, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण ‘बहुउद्देशी’ या शब्दातला दुसरा उद्देश मागे पडत गेला, याची हळहळ वाटते. दरम्यान 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. त्यातून गिरणगाव सावरलं नाही, आणि जिथे हे वर्ग रुजले होते ती वस्तीच विखुरली.

या सगळ्या घड्याळात बायकांचा तास कुठे होता? दिवेलागणीला चूल पेटते. रात्रीची शाळा पुरुषाला सोयीची, बाईला नाही. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि शाळेचं वय उलटून गेलेल्या विवाहित स्त्रिया व विधवांसाठी वर्ग काढले. घरातून बाहेर पडायला निमित्त लागणाऱ्या बायकांना तिथे शिवणापासून वाचनापर्यंत सगळं मिळालं आणि कित्येकींना पुढे शिक्षिका, परिचारिका होता आलं.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. 8 मार्च 2016 ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून येतात. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार. दुपारची भांडी झालेली असतात, आणि संध्याकाळची चूल अजून पेटायची असते.