पेट्रोल पंपाखालचे पाणी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, तसे चौकाचौकांत पेट्रोल पंप उभे राहिले. आगीच्या भीतीने इंधन जमिनीखाली साठवायचे ही रीत होती, आणि तिच्यात चूक काही नव्हती. पण पुरलेल्या टाक्या बहुतेक साध्या पोलादाच्या होत्या, गंजापासून कसलेही संरक्षण नसलेल्या. वीस-तीस वर्षांत ओल्या मातीने त्यांना बारीक भोके पाडली. वर पंप नेहमीसारखा चालू असायचा. गळतीचा पत्ता लागायचा तो शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागल्यावर, नाहीतर कुणाच्या तळघरात वाफा साठल्यावर.

थेंबाथेंबाने कितीसे पाणी नासणार, असे वाटू शकते. बेंझिन हा पेट्रोलमधलाच एक घटक. 1 लिटर पेट्रोलमध्ये तो वजनाने 1 टक्का धरला, तर ते सुमारे साडेसात ग्रॅम भरते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. साडेसात ग्रॅम बेंझिन 15 लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. आपल्याकडच्या 10,000 लिटरच्या टँकरने मोजले, तर दीडशे टँकर.

नोव्हेंबर 1984 मध्ये अमेरिकेच्या घनकचरा कायद्यात दुरुस्ती होऊन भूमिगत टाक्या प्रथमच केंद्रीय नियंत्रणाखाली आल्या. 1986 मध्ये सफाईसाठी निधी उभारला गेला. त्यासाठी इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर लागला. 1988 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने सविस्तर नियम काढले. तेव्हा देशात अशा 20 लाखांवर टाक्या होत्या. जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा, यासाठी 22 डिसेंबर 1998 ही मुदत ठरली.

गळती ओळखायची कशी, याचेही मार्ग नियमांत दिले होते, आणि पुढचे सगळे त्यातच दडलेले आहे. सर्वांत साधा मार्ग हिशेबाचा. रोज टाकीत काठी बुडवून साठा मोजायचा आणि विक्रीशी ताळा घ्यायचा. यात महिन्याच्या उलाढालीच्या 1 टक्का अधिक 130 गॅलन एवढी तफावत चालत असे. महिन्याला 1 लाख गॅलन विकणाऱ्या पंपावर ती 1,130 गॅलन, म्हणजे 4,200 लिटरच्या पुढे जाते. म्हणूनच हा मार्ग ठरावीक वर्षांपुरताच आणि टाकीच्या गळती-चाचणीच्या जोडीने मान्य होता. टाकीत बसवलेल्या स्वयंचलित मापकाने ताशी 0.2 गॅलन गळती पकडावी, अशी अपेक्षा होती. तेही दिवसाला सुमारे 18 लिटर होतात.

तिसरा मार्ग निरीक्षण विहिरींचा. टाकीजवळ अरुंद नळ्या खोल उतरवून भूजलावर तेल तरंगते का, ते पाहायचे. पाण्याची पातळी 20 फुटांपेक्षा खोल नसेल, तरच ही पद्धत चाले, आणि इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर जाडीचा थर तिच्यात दिसायला हवा होता. सारा भर तरंगणाऱ्या तेलावर! पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, तेव्हा ते वरच सापडणार, हे बरोबरच होते. विरघळलेला भाग मात्र त्या थरात दिसत नाही.

याच सुमारास पेट्रोल बदलत होते. शिसे कमी करताना ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याचा गुण, टिकवण्यासाठी 1979 पासून त्यात मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर, म्हणजे एमटीबीई, मिसळले जाऊ लागले. 1990 च्या हवाशुद्धी कायद्यातील दुरुस्तीनंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला, कारण त्यातल्या ऑक्सिजनमुळे इंधन अधिक स्वच्छ जळते. पण बेंझिनपेक्षा हे रसायन पाण्यात 25 पटींहून अधिक विरघळते, मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि जिवाणूही ते सहज संपवत नाहीत. पाणी जाईल तिथे तेही जाते.

1995 मधला योगायोग मला आजही अस्वस्थ करतो. त्या वर्षी लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातील गळत्यांचा मोठा अभ्यास मांडला. बेंझिनचे दूषित पट्टे सहसा अडीचशे फुटांपलीकडे जात नाहीत, मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात, तेव्हा अनेक ठिकाणी महागडी सफाई अनावश्यक आहे, असा त्याचा रोख होता. बेंझिनपुरते ते खरे होते. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्याच सांता मोनिका शहराच्या चार्नॉक भागातील विहिरींत एमटीबीई आढळले. तोवर बहुतेक ठिकाणच्या चाचण्यांच्या यादीत त्याचे नावच नव्हते.

1996 मध्ये शहराला चार्नॉक आणि आर्केडिया या दोन्ही ठिकाणच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पिण्याच्या पाण्याचा जवळपास निम्मा पुरवठा गेला आणि बाहेरून पाणी विकत घेण्याची वेळ आली. लिव्हरमोरच्या त्याच प्रयोगशाळेने 1998 मध्ये एमटीबीईचा वेगळा अभ्यास केला, तेव्हा तपासलेल्या गळतीच्या जागांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक ठिकाणी ते सापडले. 1999 मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी कॅलिफोर्नियात ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला.

2005 च्या ऊर्जा कायद्याने दर तीन वर्षांनी टाक्यांची तपासणी आणि चालकांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. नव्या टाक्यांसाठी दुहेरी भिंतींवर जोर आला. त्यामुळे गळती पाण्यापर्यंत पोहोचण्याआधी दोन भिंतींच्या मधल्या पोकळीतच कळते. सांता मोनिकात चार्नॉकचे पाणी नव्या शुद्धीकरण प्रकल्पातून पुन्हा नळांना आले, तेव्हा 2010 साल संपत आले होते.