ओस प्लॉटवर गवत पेरलं तेव्हा

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कारखाने बंद पडले, माणसं शहर सोडून गेली, रिकामी घरं पाडली गेली आणि हजारो प्लॉट ओस पडले. कचरा, फुटक्या बाटल्या, माजलेलं रान. यातले बहुतेक प्लॉट गरीब वस्त्यांमधले.

तिथल्या संशोधकांनी असे 541 प्लॉट निवडले आणि नव्या औषधाच्या चाचणीत करतात तसे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, तीन गट पाडले. पहिल्या गटात कचरा काढून जमीन सपाट केली, गवत पेरलं, मोजकी झाडं लावली. भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं, पण आत जायला वाट मोकळी ठेवली. दुसऱ्या गटात नुसती साफसफाई केली. तिसऱ्या गटाला हातही लावला नाही. आसपासच्या 342 रहिवाशांना आधी आणि नंतर मनःस्थितीबद्दल विचारलं; हा अभ्यास प्लॉटचा आहे हे मात्र त्यांना सांगितलं नव्हतं.

निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळ खिन्न वाटण्याचं प्रमाण तिसऱ्या गटाच्या तुलनेत 41.5 टक्क्यांनी घटलं. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत ही घट 68 टक्क्यांहून जास्त होती! नुसत्या साफसफाईने मात्र मनःस्थितीत ठळक फरक पडला नाही. प्रश्न विचारलेली माणसं थोडी होती, तरी तुलना काटेकोर असल्यामुळे मला हा पुरावा वजनदार वाटतो.

इंग्लंडमधल्या पाहणीचा सूरही असाच आहे. रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपम या संशोधकांनी 2008 साली दाखवलं, की हिरवळ जास्त असलेल्या भागांत गरीब आणि श्रीमंतांच्या मृत्युदरांमधली दरी कमी असते.

ज्यांच्याकडे गाडी, एसी, सुट्टीतला प्रवास आहे, त्यांना विसाव्याच्या जागा अनेक असतात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला घराबाहेरची सावलीच काय ती मिळते. झाडं पानांतून पाण्याची वाफ सोडतात, त्याने भोवतालची हवा निवते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना याचं मोल सर्वांत जास्त. म्हणूनच शहरात एकूण किती टक्के हिरवळ आहे, हा आकडा मला अपुरा वाटतो. ती कुणाच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि कधी उघडी असते, हेही मोजायला हवं. पुण्यात महापालिकेच्या अनेक बागा वर्षानुवर्षं भर दुपारी बंद ठेवल्या जात, आणि पत्रे सर्वांत जास्त तापतात तेही दुपारीच.