राजकीय नेत्यांवरील टीका : पुण्यातील मुख्य प्रवाहाची आणि पर्यायी वृत्तमाध्यमे

सत्तेवर असलेल्या किंवा सत्तेची इच्छा धरणाऱ्या व्यक्तीचे निर्णय, वक्तव्ये आणि सार्वजनिक वर्तन यांची वृत्तमाध्यमांनी केलेली चिकित्सा. मोठ्या खपाची, जाहिरातींवर चालणारी दैनिके आणि वृत्तवाहिन्या मुख्य प्रवाहात मोडतात. वर्गणी, देणग्या, चळवळी किंवा विश्वस्त संस्था यांच्या आधारावर चालणारी साप्ताहिके, मासिके, संकेतस्थळे आणि यूट्यूब चॅनेल यांना पर्यायी म्हटले जाते. पुण्यात हा भेद जवळून पाहता येतो. दोन्ही प्रकारची पत्रे या शहरात सुमारे दीडशे वर्षे शेजारी शेजारी निघत आली आहेत आणि काहींनी या काळात आपली बाजूही बदलली आहे.

पर्यायी माध्यमे जहाल आणि मोठी दैनिके मवाळ, ही नेहमीची विभागणी अपुरी आहे. दैनिकांचे मथळे मवाळ नसतात. ‘घणाघात’, ‘टीकास्त्र’, ‘हल्लाबोल’, ‘टोला’ हे शब्द रोजचे आहेत. पण त्या मथळ्याखालची टीका बहुतेक वेळा वार्ताहराची नसते. ती एका नेत्याने दुसऱ्यावर केलेली असते. सकाळी पत्रकार परिषद, दुपारी प्रतिपक्षाचा बाइट, संध्याकाळी प्रेसनोट, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू छापून बातमी समतोल झाली असे मानले जाते. यात वार्ताहराचा आळस असतोच असे नाही. बातमी भरण्याची वेळ ठरलेली असते आणि नेत्याच्या तोंडून आलेले वाक्य छापायला सर्वांत सुरक्षित असते. परिणाम मात्र गंभीर आहे. ज्या प्रश्नावर सगळे पक्ष सभागृहात एकमताने हात वर करतात, तिथे विरोधकाचा बाइट मिळत नाही आणि बातमीही आखडते. अमेरिकी अभ्यासक लान्स बेनेट यांनी १९९०मध्ये नेमकी हीच मांडणी केली होती : सत्तेच्या वर्तुळात जेवढा मतभेद असतो, साधारण तेवढीच टीका प्रस्थापित माध्यमांत उमटते.

पर्यायी माध्यम कुणाचा बाइट मिळेपर्यंत थांबत नाही. नेता काय बोलला यापेक्षा तो कोणाच्या जिवावर उभा आहे, जमीन कोणाची गेली, जातीचे आणि पैशाचे गणित काय, हे प्रश्न तिथे आधी विचारले जातात. त्याची उणीवही इथूनच निघते. टीका करणाऱ्याची भूमिका आधी ठरलेली असते आणि आपल्या गोटातल्या नेत्यापाशी येताच लेखणी सैल पडते.

पुण्यातील परंपरा : कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. सत्यशोधक चळवळीच्या या पत्राचा रोख इंग्रज सरकारइतकाच शहरातल्या उच्चवर्णीय पुढारीपणावर होता. त्यानंतर चार वर्षांनी, ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला. सरकारच्या दृष्टीने ‘केसरी’ हे बंडखोर पत्र होते, तर ‘दीनबंधु’च्या वाचकाला तेच प्रस्थापितांचे वाटे. पर्यायी कोणाला म्हणायचे, हे वाचणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते.

टीकेला पुराव्याचा आधार किती लागतो, हे कोल्हापूर प्रकरणात दिसले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे महाराजांचा छळ करतात, असा आरोप ‘केसरी’ आणि त्याचे इंग्रजी भावंड ‘मराठा’ यांनी पत्रांच्या आधारे केला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना १८८२मध्ये अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी. विचारांनी विरुद्ध टोकांना असलेल्या गटांनी टीकेच्या हक्कासाठी एकमेकांना असा हात दिल्याची उदाहरणे थोडी आहेत, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखे.

सामाजिक सुधारणेवरून मतभेद झाल्यावर आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. एका पत्रात बसत नाही ती टीका करण्यासाठी दुसरे पत्र काढायचे, ही वाट पुण्यात नंतरही अनेकांनी धरली. ब्राह्मणेतर चळवळीतील श्रीपतराव शिंदे यांचा ‘विजयी मराठा’ १९१९मध्ये याच गरजेतून निघाला. १९२०मध्ये मुंबईत निघालेल्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने घेतली नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. राजद्रोहाच्या खटल्यात १८९७ आणि १९०८ अशा दोनदा शिक्षा भोगलेल्या टिळकांचे ‘केसरी’ हे पत्र होते. परक्या सत्तेपुढे निर्भय असलेले माध्यम आपल्या समाजातल्या सत्तेच्या बाबतीत किती बंदिस्त असू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मराठीत सापडणार नाही.

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला आणि मतपत्राच्या जागी वृत्तपत्र आणले. अग्रलेखातला प्रहार मागे पडून नळाला न येणारे पाणी आणि खड्डे यांची बातमी पुढाऱ्याला जाब विचारू लागली. टीकेचा हा प्रकार दिसायला साधा असला तरी फार परिणामकारक ठरला. पुढे १९८५मध्ये ‘सकाळ’ची मालकी राजकारणी शरद पवार यांच्या कुटुंबाकडे आली. मालकाचे नातेसंबंध माहीत असणे हा वाचकाचा हक्क आहे. त्यावरून प्रत्येक बातमीचा हेतू ठरवणे मात्र त्या वार्ताहरावर अन्याय करणारे आहे.

आणीबाणी : जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात पूर्वनियंत्रणामुळे, म्हणजे छापण्याआधी मजकूर सरकारकडून तपासून घेण्याच्या सक्तीमुळे, दैनिकांतली टीका जवळपास थांबली. साने गुरुजींनी १९४८मध्ये सुरू केलेल्या आणि तेव्हा यदुनाथ थत्ते संपादक असलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने उघड आणीबाणीविरोधी भूमिका घेतली. श्री. ग. माजगावकर यांचे ‘माणूस’ आणि ग. वा. बेहेरे यांचे ‘सोबत’ ही पुण्याची आणखी दोन साप्ताहिके त्या पिढीच्या राजकीय वाचनाचा भाग होती. तिघांचे राजकीय रंग वेगवेगळे होते. साप्ताहिकाला सरकारी जाहिरातींचा आधार आधीच थोडा असतो, त्यामुळे त्या बंद करण्याच्या धमकीचा धाकही त्याला कमी. छापखान्यावर कारवाई झाली तर मात्र तेवढ्याने ते कायमचे बंद पडू शकते.

अर्थकारण : सरकारी जाहिराती, बांधकाम व्यावसायिकांच्या पानभर जाहिराती आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या हा शहरातल्या दैनिकांच्या उत्पन्नाचा भाग आहे. ज्याच्या अभीष्टचिंतनाचे पान सकाळी छापले, त्याच्या जमीनव्यवहाराची चौकशी त्याच अंकात येणे अवघड असते. दबाव प्रत्यक्ष फोन करून आणावा लागतोच असे नाही. काय चालणार नाही हे बातम्या संपादित करणाऱ्या डेस्कला सवयीने कळते. पर्यायी माध्यमांवर हा दबाव कमी, पण वार्ताहर ठेवण्याइतका पैसाही नाही. महापालिकेचे बीट (बातमीदारीचे नेमून दिलेले क्षेत्र) वर्षानुवर्षे सांभाळणारा माणूस अंदाजपत्रकातली जी हातचलाखी ओळखतो, ती एकट्याने चालवलेल्या चॅनेलला सहसा दिसत नाही.

माहितीच्या अधिकाराने ही दरी थोडी भरली. इंडियन एक्स्प्रेसच्या पुणे आवृत्तीचे निवासी संपादक प्रकाश कर्दळे यांनी हा कायदा नागरिकांच्या हाती पोचवण्यासाठी मोठे काम केले. मुख्य प्रवाहात राहून त्यांनी कार्यकर्त्याची चिकाटी दाखवली. २००५च्या कायद्यानंतर एखाद्या नागरिकाने मिळवलेला कागद दैनिकात आणि छोट्या संकेतस्थळावर एकाच दिवशी येऊ लागला. नेत्याला उत्तर द्यावे लागते ते त्या कागदाला.

कायदा : अब्रुनुकसानीची तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० मध्ये होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला तिथे अपवाद आहे. आणीबाणीतही मुंबई उच्च न्यायालयाने १९७६मध्ये माजी खासदार आणि संपादक मिनू मसानी यांच्या प्रकरणात वैध टीका दडपणे हे सेन्सॉरचे काम नाही असा निर्णय दिला. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाला देणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ची दुरुस्ती याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केली. संरक्षण कागदावर दैनिक आणि पर्यायी माध्यम या दोघांनाही सारखेच मिळते. दैनिकाकडे नोटिशीला उत्तर देणारे वकील असतात, तर चॅनेल चालवणाऱ्याच्या हातात नोटीस घरच्या पत्त्यावर पडते आणि तारखांना त्याला स्वतः जावे लागते. खटला शेवटी जिंकला तरी मधल्या वर्षांत त्याचे काम थांबलेले असते.