आकाशगंगेच्या केंद्राची वाट कल्याणवरून

आषाढ-श्रावणातल्या रात्री धनू रास ठाण्याच्या दक्षिण आकाशात असते. तिथेच, मूळ नक्षत्राला लागून, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे 42 अंश वर. नेमके तेच आपले ढगांचे दिवस. पण आभाळ निरभ्र असतं तरी केंद्र दिसलं नसतंच, कारण मधल्या जवळपास 26 हजार प्रकाशवर्षांतली धूळ तिथला दृश्य प्रकाश गिळून टाकते. रेडिओ लहरी धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी लांब. त्या आरपार येतात.

हे कळलं ते टेलिफोनच्या खरखरीमुळे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतले कार्ल जान्स्की अटलांटिकपारच्या रेडिओ संभाषणातली खरखर कुठून येते ते शोधत होते. विजांची खरखर वेगळी काढल्यावरही एक बारीक फुसफुस उरली आणि ती रोज चार मिनिटं आधी येई. सूर्य 24 तासांनी त्याच जागी येतो, तारे 23 तास 56 मिनिटांनी. म्हणजे उगम ताऱ्यांच्या दुनियेत! 1933 साली त्यांनी दिशा जाहीर केली: धनू रास. 1951 मध्ये सिडनीत पिडिंग्टन आणि मिनेट यांनी तिथला ठळक स्रोत वेगळा ओळखला. त्याच्या पोटातला 'सॅजिटेरियस ए स्टार' हा बिंदू बालिक आणि ब्राऊन यांना 1974 साली सापडला. तिथे सुमारे 40 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे.

सिडनीशी आपल्या जिल्ह्याचं नातं मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या पॉट्स हिलवरच्या, वापरातून गेलेल्या 32 छोट्या रेडिओ तबकड्या खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांमुळे भारताला मिळाल्या आणि 1965 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या कल्याणजवळ उभ्या केल्या. त्यांनी पाहिला फक्त सूर्य. केंद्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण देशातली रेडिओ दुर्बिणी बांधणारी माणसं तिथे घडली. त्यांनी पुढे उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारली.

आणि मग खोडद. कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेज घाट चढून गेलं की नारायणगावाजवळ 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीच्या अशा 30 तबकड्या आहेत. केंद्रासमोरचा तप्त आयनित वायू कमी वारंवारतेच्या लहरी शोषतो, त्यामुळे 1 गिगाहर्ट्झच्या (1000 मेगाहर्ट्झच्या) खाली 'सॅजिटेरियस ए स्टार' हा बिंदू दिसणं अवघड मानलं जाई. सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी 2004 साली जीएमआरटीची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांत तो 600 मेगाहर्ट्झच्याही खाली दिसला होता.