बडवाहचा पूल, छोटी लाईन आणि इंदूरकरांची हळहळ

इंदुरातल्या मराठी घरांत रेल्वेचा विषय निघाला की गप्पा हल्ली इंदूर–मनमाड या मंजूर झालेल्या नव्या मार्गावरून सुरू होतात आणि फिरून बडवाहच्या नर्मदा पुलावर येतात. छोट्या लाईनच्या, म्हणजे मीटरगेजच्या, गाडीतून तो पूल ओलांडायची मजा काही औरच होती, हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. ३१ जानेवारी २०२३ ला महू ते ओंकारेश्वर रोड ही त्या पुलावरची शेवटची मीटरगेज गाडी धावली आणि तेव्हापासून ही हळहळ जास्तच ऐकू येते. पण नुसता पूल वेगळा काढून त्याबद्दल हळहळायचं तर ती पर्यटकाची हळहळ झाली. इंदूरकरांच्या बाबतीत पुलाच्या अलीकडचा घाट आणि पलीकडचा वऱ्हाडचा रस्ता धरल्याशिवाय ती कळत नाही.

जुना इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं आणि संस्थानातली जमीन फुकट. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईला जायचा, आणि जबलपूरकडे जाणारी मोठी लाईन खंडव्यावरून गेलेली होती. त्या लाईनला इंदूर जोडायचं, एवढाच हिशेब. नाव पडलं होळकर स्टेट रेल्वे, पण बांधली सरकारने आणि चालवलीही सरकारनेच. तेव्हा 'होळकरांनी पूल बांधला' हे इंदुरात छाती फुगवून सांगतात ते निम्मं खरं: पैसा होळकरांचा, हात सरकारी अभियंत्यांचे. खंडवा–सनावद तुकडा डिसेंबर १८७४ मध्ये सुरू झाला, पूल १८७६ मध्ये खुद्द महाराजांच्या हस्ते खुला झाला आणि घाटाचं काम सर्वांत शेवटी हातावेगळं झालं. पुलाला प्रत्येकी १९७ फुटांचे १४ गाळे, आणि खांब उन्हाळ्यातल्या पाण्यापासून ८० फूट उंच. इंदूरच्या वरची, नीमचकडे जाणारी आणि उज्जैनला फाटा देणारी लाईन शिंद्यांच्या पंचाहत्तर लाखांवर झाली. १८८१ मध्ये हे सगळं अजमेरला जाऊन भिडलं.

त्याच काळात खर्च वाचवण्यासाठी मीटरगेजचा निर्णय झाला होता. मोठ्या लाईनची रुंदी १६७६ मिलिमीटर, हिची १०००. अरुंद रुळांना डोंगरात कमी खोदावं लागतं, जास्त तीव्र वळणं चालतात, पूल हलके बांधता येतात. बचत झाली, हे खरं. पण खंडव्याला एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा आणि माणसांनी ट्रंका, वळकट्या घेऊन फलाट बदलायचा, हा व्याप पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मागे लागला. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला इंदूर लांब वाटायचं ते बरंचसं खंडव्यामुळे.

आता या लाईनचा आपल्या लोकांशी जास्त जवळचा भाग. स्वातंत्र्यानंतर खंडव्यापासून सातपुडा ओलांडून अकोला आणि तिथून हिंगोलीपर्यंत मीटरगेज नेली गेली आणि साठच्या दशकाच्या तोंडाशी ती पुरी झाली. पुढे पूर्णा, नांदेडची लाईन आधीपासून होतीच. इंदूरहून वऱ्हाड आणि मराठवाडा एका दमात, डबा न बदलता गाठता येऊ लागला. हा बदल होळकरांच्या पुलाइतकाच मोठा होता, पण त्याची आठवण कुणी काढत नाही, कारण त्याचं उद्घाटन कुठल्या राजाने केलं नव्हतं. जयपूरहून निघून इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा करत हैदराबादच्या दिशेने जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून जायची. इंदूरच्या सोयरिकी अकोला, अकोट, वाशीम, हिंगोलीशी जुळायच्या, त्यामागे ही गाडी होती. दिवाळीच्या आणि मेच्या सुटीत डबे माहेरवाशिणींनी, लोणच्याच्या बरण्यांनी आणि झोपलेल्या पोरांनी भरलेले असायचे. एप्रिलमध्ये गर्दी वेगळी. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर, म्हणजे महूला, विदर्भ-मराठवाड्यातून माणसं यायची. महू गावाचं नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं आणि पुढे स्टेशनचंही, तरी तिकीट मागताना लोक महूच म्हणत राहिले.

इंदूर–महू हा तुकडा तर लोकलसारखाच होता. सैफी नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, राऊ, हरण्याखेडी, महू. यातल्या लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगरच्या आसपास मराठी वस्ती दाट, त्यामुळे अप-डाउन करणाऱ्यांत मराठी चिकार ऐकू यायची. महूच्या लष्करी छावणीत कामाला जाणारे, इंदूरच्या कॉलेजात येणारी महूची पोरं, राऊचे भाजीवाले. पासवाल्यांच्या जागा ठरलेल्या आणि त्यावरून भांडणंही ठरलेली.

महूच्या पुढे खरा प्रवास लागे. पातालपानीला गाडी थांबायची. टंट्या मामांना, म्हणजे टंट्या भिल्लाला, सलामी दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, असं निमाडात सगळे सांगतात आणि लोक खिडकीतून हात जोडायचे. रेल्वेच्या लेखी ते थांबणं ब्रेक तपासण्यासाठी, कारण पुढे उतार चाळिसाला एक, म्हणजे चाळीस मीटर गेलं की एक मीटर खाली. दोन्ही कारणं शेजारी शेजारी सुखाने नांदत होती, आणि ज्या भिल्लाला सरकारने १८८९ मध्ये फासावर दिलं त्याच्यासाठी सरकारी गाडी थांबते, या कल्पनेतला आनंद ब्रेकच्या कारणाने कमी होत नव्हता. मग चार बोगदे, डाव्या-उजव्या वळणांचे कडे आणि खाली चोरल नदी. उलट दिशेने चढताना कालाकुंडला मागून गाडी ढकलणारं जादा इंजिन, म्हणजे बँकर, लागे. ते लागेपर्यंतचा वेळ हीच कालाकुंडच्या कलाकंदाची बाजारपेठ. पळसाच्या पानावर किंचित तपकिरी, दाणेदार, अजून कोमट असलेला कलाकंद खिडकीतून आत यायचा आणि पान चाटून पुसून बाहेर जायचं. त्या स्टेशनाला धड गाडीरस्ता नव्हता. गाडी हीच तिथली पेठ होती.

चोरल, बलवाडा करत गाडी सपाटीला येऊन बडवाह सोडायची आणि वेग कमी व्हायचा. रुळांचा आवाज बदलला की डब्यात हालचाल सुरू. बायका पदराच्या गाठी सोडायच्या, पोरं खिडकीशी रेटारेटी करायची, 'नर्मदे हर' म्हणत पाच-दहा पैशांची नाणी भिरकावली जायची. त्यातली निम्मी लोखंडाला लागून ठण् वाजायची आणि पाण्यापर्यंत पोचायचीच नाहीत. मग ज्याचं नाणं वाजलं त्याला पुन्हा एक मिळावं म्हणून रडारड. बाजूला मोरटक्क्याचा रस्त्याचा पूल दिसायचा. पलीकडच्या काठाला ओंकारेश्वर रोड, तिथे परिक्रमेला निघालेले झोळी-दंडवाले उतरायचे. इंदुरात १९७८ पासून नळाला नर्मदेचंच पाणी येतं, पण त्या पाण्याला कुणी हात जोडत नाही.

ब्रॉडगेजचा, म्हणजे मोठ्या लाईनचा, निर्णय झाला तेव्हा त्याला विरोध असा कुणाचाच नव्हता. सुट्या भागांच्या अडचणी, जुने डबे, कमी वेग आणि खंडव्याचा तो बदल, यांना सगळेच कंटाळले होते. वाद झाला तो वाटेवरून, आणि तोही दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण विंध्याचा घाट. चाळिसाला एक हा चढ ब्रॉडगेजच्या लांबलचक मालगाड्यांना परवडत नाही. म्हणून जुनी वाट सोडून दुसरीकडून, लांबचा वळसा आणि मोठे बोगदे काढून उतरायचं ठरलं. त्यात पातालपानी–कालाकुंड मुख्य मार्गातून बाहेर पडलं. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने याला उत्तर नाही आणि इंदुरातही त्यावर कुणी फार वाद घातला नाही.

दुसरं ठिकाण खंडवा आणि अकोल्याच्या मधला मेळघाट, आणि तिथे मात्र सगळं अडलं. जुनी मीटरगेज व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जायची. धुळघाटाजवळ ती स्वतःवरूनच फिरून चढायची. लाईन आधी, व्याघ्र प्रकल्प नंतर, कारण तो १९७४ चा. रेल्वेची बाजू त्यामुळे अशी की रूळ आहेतच, जमीन आमचीच आहे, फक्त रुंदी वाढवायची. वन्यजीवांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की रखडत जाणाऱ्या चार छोट्या गाड्या वेगळ्या आणि रात्रंदिवस वेगाने धावणाऱ्या ब्रॉडगेजच्या गाड्या वेगळ्या. शिवाय गाभ्यातली बरीच गावं पुनर्वसनासाठी बाहेर आणली आहेत, मग आतून लाईन नेऊन ती वापरणार कोण? त्यापेक्षा अकोटहून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून वळसा घालून तुकईथडला निघालात तर बुलढाण्याच्या ज्या गावांनी कधी रेल्वे पाहिली नाही, त्यांनाही ती मिळेल.

तिसरी बाजू जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांची. त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे दवाखाना, बाजार, अकोटची कचेरी, आणि पावसाळ्यात तर तेवढाच आधार. ते म्हणत होते, लाईन होती तशी राहू द्या. वृत्तपत्रांत वाघ आणि विकास असा सामना रंगला, त्यात या लोकांना दोन ओळीही मिळाल्या नाहीत.

हे प्रकरण परवानग्या, समित्या, न्यायालय आणि राज्य-केंद्र पत्रव्यवहार यांत वर्षानुवर्षं फिरलं आणि अखेर कौल वळशाच्या बाजूने गेला. जंगलाच्या दृष्टीने तो बरोबरच असावा. पण निर्णयाला लागलेला वेळ हा काही वाघांनी घेतलेला नव्हता. वळशाचा पर्याय पहिल्यापासून नकाशावर काढता आला असता. तो काढायला इतका उशीर का झाला, याचा जाब कुणीच कुणाला विचारलेला नाही. दरम्यान अकोल्याच्या खालचा, पूर्णेकडचा मार्ग २००८ मध्येच ब्रॉडगेज झाला. म्हणजे मीनाक्षीची वाट मधोमध तुटली. पुढे २०१७ उजाडता उजाडता खंडवा–अकोला छोटी गाडीही थांबली. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठी लाईन आली आणि त्यापुढचं घोडं अडलं.

इकडे इंदूर–महू ब्रॉडगेज झालं, खालून खंडवा–सनावद झालं, आणि मधला महू–ओंकारेश्वर रोड हा तुकडा दोन्ही टोकांनी तोडलेला, तरी चालू राहिला. पूल त्याच तुकड्यात. शेवटच्या काही वर्षांत फोटो काढायला, व्हिडिओ करायला जे लोक गेले त्यांनी पाहिलेली गाडी ही, कुठूनही कुठेही न जोडलेली. ती सुंदर होती, यात शंकाच नाही. पण अकोल्याच्या मावशीकडे नेणारी गाडी ती नव्हे.

वारसा जपण्याचा प्रश्न निघाला तेव्हाही निवड झाली ती घाटाची. डिसेंबर २०१८ मध्ये पातालपानी–कालाकुंड अशी साडेनऊ किलोमीटरची हेरिटेज गाडी सुरू झाली. मोठ्या काचांचे डबे, धबधब्यापाशी थांबा, पावसाळ्यात आरक्षण मिळता मिळत नाही. महूची लाईन बंद झाल्यावरही ती हंगामात चालते. कालाकुंडच्या कलाकंदवाल्यांचा धंदा त्यामुळे तगला, ही चांगलीच गोष्ट. पण घाट निवडण्याचं कारण उघड आहे: तो तसाही मुख्य मार्गातून बाहेर पडणार होता, त्याला ठेवल्याने कुणाचं काही अडत नव्हतं. बडवाहच्या पुलाला ती मुभा नव्हती. नर्मदा तिथेच ओलांडायची आहे, आणि मीटरगेजच्या वजनासाठी दीडशे वर्षांपूर्वी आखलेल्या पुलावरून आजच्या ब्रॉडगेज मालगाड्या नेता येत नाहीत. कर्ज देणाऱ्या राजाचं नाव ज्या पुलाशी जोडलेलं, तो हेरिटेजच्या यादीत नाही आणि पिकनिकचा धबधबा आहे, याचं वाईट वाटतं. एखादा गाळा, एखादा खांब जपण्याचा तरी विचार सुरुवातीलाच व्हायला हवा होता.

आता सगळं लक्ष मनमाडकडे आहे. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. इंदुरातल्या मराठी मंडळींची ही मागणी कित्येक वर्षांची. मुंबई-पुण्याचं अंतर त्याने घटेल, धुळे आणि नाशिककडची मंडळी जवळ येतील. त्या गाड्याही नर्मदा ओलांडतील, फक्त बडवाहला नाही. वऱ्हाडात नातेवाईक असलेल्यांचा मात्र मनमाडने प्रश्न सुटत नाही. त्यांना हवी आहे ती अकोट–खंडवा आणि महू–सनावद, म्हणजे जुनीच लाईन, मोठ्या रुळांवर. तोपर्यंत इंदूरहून अकोल्याला जाणारे मोरटक्क्याच्या रस्त्याने बस धरतात आणि वरच्या धरणांतून जास्त पाणी सोडल्यामुळे पूल बंद झाला तर बडवाहला बसून राहतात.